बिघाड कोणाच्या मालकीचा?

चिकित्सक : मोटारी आता पूर्वीइतक्या बिघडत नाहीत, हे विधान बहुतेकांना मान्य होईल, आणि तरीही सामान्य मोटारमालकाचा वैताग कमी झालेला दिसत नाही, या विसंगतीपासूनच विचाराला आरंभ केला पाहिजे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी आणि पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेलेली फियाट, किंवा डिसेंबर १९८३मध्ये रस्त्यावर आलेली मारुती ८००, या गाड्या वारंवार गॅरेजात जात. परंतु गाडी का थांबली, हे बोनेट उघडल्यावर मालकाला किंवा कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बहुधा दिसत असे. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणाऱ्या कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा अडकला आहे, ठिणगी योग्य क्षणी पडावी म्हणून उघडझाप करणारे पॉइंट जळले आहेत किंवा प्लगवर काजळी धरली आहे, हे निदान डोळ्यांनी, कानांनी आणि प्रसंगी नाकाने होत असे. आजच्या गाडीत डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो आणि त्यावरून मालकाला एवढेच कळते की धूर-नियंत्रणाशी संबंधित यंत्रणेत गाडीच्या संगणकाला काहीतरी अपेक्षेबाहेरचे आढळले आहे. ते एखाद्या सेन्सरच्या सैल जोडणीपासून सिलिंडरमध्ये ज्वलन नीट न होण्यापर्यंत काहीही असू शकते. गाडी चालवत राहावी की थांबवावी, खर्च शंभर रुपयांचा येईल की पन्नास हजारांचा, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या दिव्यात नसते. बिघाड कमी झाले असतील, पण जे उरले ते मालकाला अगम्य झाले, आणि त्याच्या वैतागाचे मूळ या अगम्यतेत आहे.

समर्थक : जुन्या गाड्यांचे हे चित्र स्मृतीने बरेच उजळ करून ठेवले आहे. बिघाड दिसत असे हे खरे, पण तो इतक्या वेळा दिसत असे की तो ओळखता येणे ही हौस नव्हती, गाडी बाळगण्याची अटच होती. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल शिरली की गाडी सुरू होत नसे. पॉइंट ठरावीक अंतराने घासावे आणि बदलावे लागत. व्हॉल्व्हची उघडझाप नेमकी राहावी म्हणून टॅपेटचे अंतर पुनःपुन्हा जुळवावे लागे. आणि बोरघाट चढताना रेडिएटरचे पाणी उकळल्यामुळे बोनेट उघडून कडेला उभ्या असलेल्या गाड्या हे मुंबई-पुणे प्रवासाचे नेहमीचे दृश्य होते. ज्याच्याजवळ यांत्रिक ज्ञान नव्हते किंवा ओळखीचा मेकॅनिक नव्हता, त्याने दूरच्या प्रवासाला गाडी काढण्याचे धाडसच करू नये अशी ती परिस्थिती होती. हवेच्या साधारण १४.७ भागांना पेट्रोलचा एक भाग, हे वजनी प्रमाण क्षणोक्षणी राखण्याचे काम आज संगणक करतो आणि त्यासाठी धुराच्या नळीतील ऑक्सिजन सेन्सरची मदत घेतो. हे प्रमाण नेमके राखले जाते म्हणूनच विषारी वायूंचे रूपांतर करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काम करू शकतो. १ एप्रिल २०२०पासून देशभर लागू झालेले बीएस-६ निकष, ज्यांत इंधनातील गंधकाची मर्यादा दशलक्षांशात ५०वरून १०वर आली, ते कार्बोरेटरच्या गाडीने पाळणे शक्यच नव्हते. शिवाय दिवा मुका नाही. त्यामागे साठवलेला कोड स्टीअरिंगखालच्या सॉकेटला छोटे यंत्र जोडून मोबाईलवरसुद्धा वाचता येतो. स्वतःच्या दुखण्याची नोंद ठेवणारी गाडी ही जुन्या गाडीहून कमी नव्हे, तर अधिक बोलकी मानली पाहिजे.

चिकित्सक : कोड वाचता येणे आणि कारण कळणे यांत मोठे अंतर आहे, आणि मोटारमालकाचा पैसा नेमका त्या अंतरात जातो. पी०४२० या कोडचे उदाहरण पुरेसे आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता ठरवलेल्या पातळीखाली गेली, असा त्याचा अर्थ. परंतु कन्व्हर्टर खरोखर निकामी झाला आहे, त्याच्या पुढचा-मागचा सेन्सर चुकीचे वाचन देतो आहे, धुराच्या नळीला फट पडून बाहेरची हवा आत शिरते आहे, की प्लग किंवा कॉइल बिघडल्याने न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरपर्यंत पोचते आहे, हे कोड सांगत नाही. ते शोधण्यासाठी एकेक शक्यता तपासून बाद करावी लागते, म्हणजे अनुभवी माणसाचे दोन-तीन तास खर्च करावे लागतात. सर्व्हिस सेंटरच्या बिलात या तासांना बहुधा स्वतंत्र स्थान नसते. स्थान असते ते बदललेल्या भागाला आणि तो बसवण्याच्या ठरलेल्या लेबर चार्जला. त्यामुळे विचार करण्यापेक्षा भाग बदलणे सोयीचे ठरते. पहिला भाग बदलून दिवा पुन्हा लागला, तर दुसरा भाग बदलला जातो, आणि दोन्हींची किंमत मालक मोजतो. पूर्वी कार्बोरेटर उघडून साफ होत असे, पॉइंट घासून पुन्हा बसत. आज हेडलाइटचा एक प्लॅस्टिकचा कान तुटला तरी ‘असेंब्ली’च बदलावी लागेल असे सांगितले जाते. अर्थशास्त्रात या अवस्थेचे वर्णन फार पूर्वी झाले आहे. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी १९७३मध्ये ज्यांना विश्वासाधिष्ठित सेवा म्हणता येईल अशा सेवांचे विवेचन केले, म्हणजे ज्यांची गरज होती की नव्हती हे ग्राहकाला त्या घेतल्यानंतरही सहज ठरवता येत नाही अशा सेवांचे. आणि त्यांच्या विवेचनातील एक ठळक उदाहरण मोटार-दुरुस्तीचेच होते.

समर्थक : हा आक्षेप जितका अधिकृत सर्व्हिस सेंटरला लागू पडतो तितकाच कोपऱ्यावरच्या गॅरेजलाही लागू पडतो, हे ध्यानात घ्यावे. ‘इंजिन खोलावे लागेल’ या वाक्यापुढे पद्मिनीचा मालकही हतबलच होता. खोललेल्या इंजिनात नवा भाग बसला की जुनाच घासून बसवला, हे त्याला कोठे कळत होते? डुप्लिकेट पार्टचा बाजार संगणकाच्या आधीपासून चालत आला आहे. उलट आज कामाची नोंद संगणकात होते, भागाचा क्रमांक बिलावर छापला जातो आणि अंदाजपत्रकाला ग्राहकाची संमती मोबाईलवर घेतली जाते. दुरुस्ती काही हातांपुरती मर्यादित ठेवण्यामागे केवळ नफ्याचा हेतू असतो, असेही नाही. एप्रिल २०१९पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीची झाली आहे आणि पुढच्या दोन्ही आसनांसाठी एअरबॅगही सक्तीच्या आहेत. एअरबॅग ही स्फोटक द्रव्याच्या बळावर क्षणार्धात फुगणारी पिशवी असते. तिच्या वायरिंगमध्ये अर्धवट माहितीने हात घालणे मेकॅनिकलाही धोक्याचे असते आणि पुढे अपघात झाल्यास प्रवाशालाही. जादा दिवे आणि मोठे हॉर्न बसवताना मूळ वायर कापून जोड दिल्यामुळे गाड्यांना आग लागू शकते, मान्यता नसलेली सीएनजी किट बसवली जातात, विकण्यापूर्वी किलोमीटरचे आकडे मागे फिरवले जातात, हे सारे मोकळ्या हातांचेच प्रताप होत. यंत्राचा प्रत्येक कप्पा प्रत्येकाला उघडता आला पाहिजे, ही मागणी न्यायाची वाटली तरी तिची किंमत मागच्या आसनावर बसलेल्या मुलाला मोजावी लागू शकते.

चिकित्सक : सुरक्षिततेचे कारण खरे असते तेव्हा ते मान्य केलेच पाहिजे, पण ते कोठपर्यंत ताणले जाते हेही पाहिले पाहिजे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी दिलेल्या आदेशात १४ मोटार-उत्पादक कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग, दुरुस्तीची माहितीपत्रके आणि दोष शोधण्याची उपकरणे स्वतंत्र गॅरेजना खुल्या बाजारात मिळू न देण्याबद्दल. प्रकरण पुढे अपिलांत आणि न्यायालयांत गेले, तरी आयोगापुढे आलेले चित्र महत्त्वाचे आहे : एकदा गाडी विकत घेतली की तिच्या दुरुस्तीपुरता मालक त्याच कंपनीचा बांधील ग्राहक होतो. बंधने केवळ एअरबॅगवर असती तर आपला युक्तिवाद पूर्ण पटला असता. परंतु चोरीला आळा घालणाऱ्या इमोबिलायझरची दुसरी किल्ली गाडीशी जुळवून घेणे, बदललेली बॅटरी किंवा इंजेक्टर संगणकाला ‘ओळखायला लावणे’, एवढ्यासाठीही अनेकदा कंपनीचेच उपकरण लागते. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा ठरवण्यासाठी समिती नेमली, तिच्या चार प्राधान्यक्षेत्रांत शेतीची अवजारे, मोबाईल आणि घरगुती उपकरणे यांच्या बरोबरीने मोटारीही होत्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये त्यासाठी संकेतस्थळही सुरू झाले. तथापि वॉरंटीची माहिती एका ठिकाणी मिळणे आणि स्वतंत्र मेकॅनिकला दोष शोधण्याचे साधन रास्त दरात मिळणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लातूर किंवा चिपळूणच्या मालकाला गरज असते ती दुसरीची.

समर्थक : कंपन्यांच्या वर्तनाचे समर्थन करण्याचे प्रयोजन नाही, पण मालकाच्या त्रासातील किती भाग कंपनीच्या गुप्ततेतून येतो आणि किती त्याच्या स्वतःच्या वापरातून, याचाही हिशेब मांडला पाहिजे. बीएस-६ डिझेल गाड्यांमधील डीपीएफ, म्हणजे धुरातील काजळीचे कण अडवणारी गाळणी, हे याचे बोलके उदाहरण आहे. तिच्यात साठलेली काजळी सुमारे ६०० अंश सेल्सियस तापमानाला जाळून टाकावी लागते आणि त्यासाठी गाडी काही काळ सलग, बऱ्यापैकी वेगाने चालावी लागते. कोथरूडहून शिवाजीनगरला जाऊन परत येणाऱ्या गाडीला ते तापमान मिळत नाही. काजळी साठत जाते, दिवा लागतो, मालक तो दिवा आठवडाभर पाहत राहतो, आणि अखेर सर्व्हिस सेंटरमध्ये सक्तीने काजळी जाळण्याचा किंवा गाळणीच बदलण्याचा प्रसंग येतो. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत हे सर्व लिहिलेले असते. तीच गोष्ट क्लचची. सिग्नलला आणि चढावर ब्रेकऐवजी अर्ध्या दाबलेल्या क्लचवर गाडी धरून ठेवायची आणि मग क्लचप्लेट लवकर गेली म्हणून कंपनीला दोष द्यायचा, हा प्रकार नवा नाही. टायरमधील हवा महिनोन्‌महिने न तपासता ‘अ‍ॅव्हरेज मिळत नाही’ अशी तक्रार करणारेही थोडे नाहीत. यंत्र अगम्य झाले हे जितके खरे, तितकेच ते समजून घेण्याची इच्छा ओसरली हेही खरे.

चिकित्सक : पुस्तिकेत लिहिलेले असणे पुरेसे मानले, तर शहरातच फिरणाऱ्या ग्राहकाला डिझेल गाडी विकताना शोरूममध्ये हे का सांगितले जात नाही, या प्रश्नालाही उत्तर दिले पाहिजे. परंतु मालकाच्या वापराकडे बोट दाखवण्याची रीत किती दूर जाऊ शकते, हे पावसाळ्यात अधिक स्पष्ट होते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य मोटारी रस्त्यावरच बुडाल्या. लहान प्रमाणावर तोच प्रसंग त्यानंतर अनेक शहरांत येत राहिला आहे. पाण्यात उभी राहिलेली गाडी पाणी ओसरल्यावर मालक सुरू करून पाहतो, हे स्वाभाविक आहे. मात्र हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरलेले असेल, तर पिस्टन वर येताना ते हवेसारखे दाबले जात नाही, आणि पिस्टनला जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा तुटतो. या अवस्थेला हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. मूळ विमा पॉलिसीत पुराने झालेल्या नुकसानीला संरक्षण असते, पण त्याच पॉलिसीत परिणामी नुकसान, यांत्रिक बिघाड आणि झीज वगळलेली असतात. त्यामुळे किल्ली फिरवण्यापूर्वीचे नुकसान नैसर्गिक आपत्तीचे ठरते आणि किल्ली फिरवल्यानंतरचे मालकाच्या हलगर्जीपणाचे. इंजिन-संरक्षणाची पुरवणी वेगळे पैसे देऊन घेतली असेल तर गोष्ट निराळी. पण ती घ्यावी हे ज्याला ठाऊक असते, त्याला बहुधा किल्ली फिरवू नये हेही ठाऊक असते. अज्ञानी माणसाला अज्ञानाची किंमत दुप्पट पडते, अशी ही व्यवस्था आहे.

समर्थक : विम्याची अट कठोर वाटली तरी तिच्यामागे तर्क आहे, टाळता येण्याजोग्या नुकसानीचा भार सर्व विमेदारांवर टाकला, तर हप्ता सर्वांचाच वाढेल. आणि मोटारमालकाच्या त्रासांची यादी करताना प्रत्येक संकटाला अन्याय म्हणण्याची सवय लागली, तर खरे अन्याय ओळखता येणार नाहीत. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा वाद पाहा. इथेनॉलमध्ये दर लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज काहीसे घटणार हे उघड आहे; नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच, इथेनॉलरहित पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि १० टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकींसाठी ही घट ६ ते ७ टक्के, तर २० टक्क्यांना जुळवून घेतलेल्या गाड्यांसाठी १ ते २ टक्के धरलेली होती. पण त्या बदल्यात आयात होणाऱ्या खनिज तेलात बचत होते आणि महाराष्ट्रातील ऊसउत्पादकाच्या मालाला दुसरी बाजारपेठ मिळते. पुण्यात गाडी चालवणाऱ्या अनेकांच्या गावच्या शेतात तोच ऊस उभा असतो. याहून महत्त्वाचे असे की बदललेले इंधन ज्या यंत्रणेमुळे सहन होते ती म्हणजे आपण जिला अगम्य म्हणता तीच संगणकीय यंत्रणा. धुरातील ऑक्सिजन वाढलेला दिसताच ती इंधनाचे प्रमाण आपोआप वाढवते. कार्बोरेटरच्या गाडीला प्रत्येक बदलासाठी मेकॅनिकच्या हाताची वाट पाहावी लागली असती.

चिकित्सक : हे उदाहरण आपल्या बाजूचे आहे तितकेच विरुद्धही आहे. प्रमाण सुधारणे संगणकाला जमते. जुन्या गाडीतील रबरी नळ्या, सील आणि पंपाचे भाग इथेनॉलला टिकणारे करणे त्याला जमत नाही, आणि एप्रिल २०२३पूर्वीच्या किती गाड्यांत हे भाग कोणत्या दर्जाचे आहेत हे मालकाला सांगणारा कोणी नाही. पंपावर निवड करण्याची सोय त्याच्यापुढे ठेवलेली नाही. उद्या इंधनाचा पंप बिघडला, तर कंपनी इंधनाकडे बोट दाखवू शकते, इंधनविक्रेता सरकारी धोरणाकडे, आणि सरकार घट किरकोळ असल्याच्या चाचण्यांकडे. या क्रमावरून जो मुद्दा पुढे येतो तो यंत्राच्या गुंतागुंतीचा नसून जबाबदारीच्या विखुरलेपणाचा आहे. खड्ड्यांचे पाहा. लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि रिम हे भाग खड्ड्यांनी लवकर निकामी होतात. वॉरंटी त्यांना झीज म्हणून वगळते. विमा झिजेला वगळतो आणि एकाच ठळक आघाताचा पुरावा मागतो. रस्ता सांभाळणारी संस्था कोणत्या खड्ड्याने कोणता बुश फाटला हे सिद्ध करायला सांगते. ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले, आणि ते योग्यच होते. पण वाहनाच्या रोजच्या झिजेला असा कोणताही दाद मागण्याचा मार्ग नाही. राज्यात पेट्रोलच्या खाजगी मोटारीवर खरेदीच्या वेळीच किमतीच्या ११ ते १३ टक्के मोटार-कर एकरकमी घेतला जातो, तरी हा करदाता रस्त्यासाठी कोणालाच जाब विचारू शकत नाही. प्रत्येक संस्थेचे उत्तर तिच्या कक्षेत बरोबर असते, आणि सर्व बरोबर उत्तरांची बेरीज मालकाच्या बिलात होते.

समर्थक : जबाबदारी विखुरलेली आहे हे मान्य केले, तरी मोटारमालक हा या सर्वांबाहेर उभा असलेला निरपराध पीडित नाही. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून रस्ता अरुंद करणारा, आणि स्वस्त गाडी, भरपूर अ‍ॅव्हरेज व मोठा पडदा ही तिन्ही एकाच किमतीत मागणारा तोच असतो. मग कंपनी जेथे ग्राहकाची नजर जात नाही तेथे काटकसर करते. शिवाय उद्याची गाडी या वादातील निम्मे मुद्दे निकालात काढील. विजेच्या मोटारीत क्लच नाही, इंजिन ऑइल नाही, प्लग, इंजेक्टर, डीपीएफ वा इथेनॉलचा प्रश्न नाही. हलणाऱ्या भागांची संख्या अत्यंत कमी आणि मोठ्या बॅटरीवर अनेक कंपन्यांची आठ वर्षांची वॉरंटी असते. बिघडण्यासारखेच थोडे उरले, तर निदानाच्या मक्तेदारीचे महत्त्वही आपोआप घटेल.

चिकित्सक : घटणार नाही, एकाच ठिकाणी गोळा होईल. मोठी बॅटरी पूर्ण भरलेली असतानाही १२ व्होल्टची लहान बॅटरी उतरल्यामुळे विजेची गाडी जागची हलत नाही, असा अनुभव येतो तेव्हा मालक पुन्हा त्याच पिवळ्या दिव्यापुढे उभा असतो. पण खरा प्रश्न जुन्या गाडीचा आहे. पेट्रोलची सेकंड हँड गाडी घेताना निळा धूर, इंजिनाचा आवाज आणि कॉम्प्रेशनची चाचणी यांवरून मेकॅनिक तिची अवस्था ताडत असे. विजेच्या गाडीची निम्म्याहून अधिक किंमत कधीकधी ज्या बॅटरीत असते, तिची उरलेली क्षमता हा संगणकाने सांगितलेला एक आकडा असतो, आणि तो आकडा कसा काढला हे विक्रेत्यालाही ठाऊक नसते. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७०मध्ये जुन्या मोटारींच्याच उदाहरणाने दाखवले होते की विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक आहेत आणि घेणाऱ्याला नाहीत, अशा बाजारात चांगल्या गाड्यांनाही वाईट गाड्यांचा भाव मिळतो आणि चांगल्या गाड्या हळूहळू बाजारातून नाहीशा होतात. या विचाराला पुढे २००१च्या नोबेल पारितोषिकाची मान्यता मिळाली. येथे तर विकणारा आणि घेणारा दोघेही अंधारात आणि जाणता तिसराच, अशी अवस्था येऊ घातली आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२मध्ये मतदारांनी दुरुस्तीच्या माहितीचा हक्क मंजूर केला, आणि गाडी बिनतारी मार्गाने कंपनीला जी माहिती पाठवते तिच्यापर्यंत तो २०२०मध्ये पुन्हा मतदानानेच वाढवला, त्यामागे हीच जाणीव होती.

समर्थक : तेथील कंपन्यांनी घेतलेली हरकतही त्याबरोबर नोंदवली पाहिजे : दुरून माहिती वाचण्याचे दार उघडले की दुरून आज्ञा देण्याचे दारही किलकिले होते, आणि ब्रेक संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या गाडीत ती जोखीम काल्पनिक नव्हे. तथापि आतापर्यंतच्या चर्चेतून मतभेदाचे स्वरूप बदललेले दिसते. या बाजूने जे गुण सांगितले गेले, ते बहुतांशी गाडीच्या पहिल्या पाच-सहा वर्षांचे आहेत. त्या काळात वॉरंटी चालू असते, सर्व्हिस सेंटर जवळ असते आणि मालकाला यंत्र समजण्याची गरजच पडत नाही. आपण मांडलेल्या तक्रारी मुख्यतः आठव्या ते पंधराव्या वर्षाच्या आहेत, जेव्हा तीच गाडी तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे, बहुधा लहान गावात, आलेली असते आणि तिचा एक नियंत्रक बदलण्याचा खर्च गाडीच्या उरलेल्या किमतीच्या जवळ पोचतो. दोन्ही वर्णने खरी आहेत. ती एकाच गाडीची असली तरी एकाच माणसाची नाहीत.

चिकित्सक : ही दुरुस्ती मोलाची आहे, आणि तिने प्रश्न सोपा न होता अधिक अवघड होतो. पहिला मालक निश्चिंतपणा विकत घेतो आणि नंतरच्या मालकाला अगम्यता वारशाने मिळते. शोरूममध्ये वाटाघाट करणारा फक्त पहिला असतो; ज्याला कोडचा अर्थ, सुटे भाग आणि दोष शोधण्याचे साधन लागणार आहे, तो तेथे उपस्थितच नसतो. म्हणून बाजाराने हे आपोआप सुधारावे ही अपेक्षा फोल आहे, आणि कायद्याने किमान तीन गोष्टी बंधनकारक कराव्यात असे सुचवता येईल : प्रत्येक बिलावर आढळलेला कोड आणि तो भाग बदलण्याचे कारण लिहिणे, निदानाचे साधन रास्त दरात स्वतंत्र गॅरेजला देणे, आणि बॅटरीच्या क्षमतेचा आकडा तटस्थ पद्धतीने पडताळता येईल असा ठेवणे.

समर्थक : तिन्ही मागण्या वाजवी आहेत, पण त्यांचा खर्च गाडीच्या मूळ किमतीत मिळवला जाईल, म्हणजे ज्याला त्यांची गरज नाही त्या पहिल्या मालकाकडून वसूल होईल. तो म्हणेल की जुन्या गाडीच्या भावी मालकासाठी आपण का पैसे मोजावेत? त्याला उत्तर असे देता येईल की दुरुस्त होऊ शकणाऱ्या गाडीला विकताना भाव अधिक मिळेल. परंतु हे उत्तर खरे ठरण्यासाठी जुन्या गाड्यांच्या बाजारात गाडीची अवस्था आधी पारखता आली पाहिजे, आणि ती पारखण्याचे साधन तर याच मागण्यांतून मिळायचे आहे. त्यातच निदानासाठी वेगळे पैसे देण्याची मालकाची तयारी नसते. भागाची किंमत तो निमूट देतो आणि लेबरवर घासाघीस करतो.

चिकित्सक : निदान चांगले की वाईट हे ओळखता आले, तर तो त्याचे मोल देईलही, पण ते ओळखण्यासाठी लागणारे ज्ञानच त्याच्याजवळ नाही, हा त्याच वर्तुळाचा दुसरा भाग झाला. तेव्हा वाद आता जुनी गाडी बरी की नवी, असा उरलेला नाही. हे वर्तुळ कोठून तोडायचे आणि तोडण्याचा पहिला खर्च कोणी सोसायचा, कंपनीने नफ्यातून, पहिल्या मालकाने किमतीतून की राज्याने आधीच वसूल केलेल्या करातून, एवढ्यावरच तो येऊन ठेपला आहे.

समर्थक : आणि तो सुटेपर्यंत पहिल्या मालकाला आपले म्हणणे अतिशयोक्त वाटत राहील, चौथ्या मालकाला या बाजूचे म्हणणे; दोघांपैकी कोणालाही खोटे ठरवता येणार नाही.